बऱ्यावाइटाचे माप एक की अनेक?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



 व्यासपीठावर वकील, डॉक्टर, प्राध्यापक अशी विद्वान मंडळी विराजमान असता, मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि सारा जन्म सातवीपर्यंतच्या शाळेत पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात घालविलेल्या मनुष्याने नीतिशास्त्रासारख्या गहन विषयास हात घालावा, हे धाडसच होय. तथापि बरे काय आणि वाईट काय, हा प्रश्न विद्वानांसच पडतो असे नाही. तो घराघरांत रोज पडतो. मुलाचे लग्न ठरविताना पडतो, वडिलांच्या पश्चात जमिनीची वाटणी करताना पडतो, आणि आपल्या मंडळाच्या बैठकीत शिष्यवृत्तीचे अर्ज निकालात काढतानाही पडतो. म्हणून हे धाडस आपण गोड मानून घ्याल, अशी आशा आहे.

आमचा प्रश्न एवढाच आहे. बऱ्यावाइटाची व्याख्या एखाद्या एकाच तत्त्वाने करता येईल काय? ज्याप्रमाणे गजाने कापड मोजावे, त्याप्रमाणे एकच काठी हाती घेऊन जगातील सर्व कृत्ये मोजता येतील काय? तरुण मंडळींस अशी काठी हवी असते. 'गुरुजी, एका वाक्यात सांगा', असे ती म्हणतात. वृद्धांस ती नको असते, कारण त्यांच्याजवळ ती आधीच असते! कोणी म्हणतो, सत्य हाच धर्म. कोणी म्हणतो, दिला शब्द पाळणे हाच धर्म. कोणी म्हणतो, चौघांचे कल्याण होईल ते चांगले. कोणी म्हणतो, वाडवडिलांनी घालून दिलेली रीत ती चांगली. ह्यांतील एकही वाक्य खोटे नाही, आणि अडचण नेमकी तेथेच आहे.

शाळेत आमचा परिपाठ असा होता, की आधी उदाहरण सोडवावयाचे आणि मग नियम सांगावयाचा. येथेही तोच क्रम ठेवतो. जे उदाहरण सांगणार आहोत ते आमच्याच आयुष्यातील आहे, आणि त्यात आमची शोभा होण्यासारखे काही नाही.

ही गोष्ट १९८९ सालची. आम्ही त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचे होतो आणि एका आडगावच्या शाळेत नोकरीस होतो. शाळेच्या भिंतीवर 'सदा खरे बोलावे' हे वाक्य आम्ही स्वतः गेरूने रंगविले होते. सातवीच्या वर्गात चौदा वर्षांची एक मुलगी होती. ती आपल्याच ज्ञातीतील. अंकगणितात तिचा हात धरणारा वर्गात कोणी नव्हता. पुढे तालुक्याच्या गावी मामाकडे राहून आठवीत जावे, असे तिच्या मनात होते. पण तिच्या थोरल्या बहिणीचे लग्न ठरले होते, आणि त्याच मांडवात धाकटीलाही उजवून टाकावी असे घरच्यांनी योजिले. त्या काळी ही गोष्ट कोणास वावगी वाटत नसे. एका खर्चात दोन कार्ये होत. दोन्ही वर एकाच घरचे, सख्खे भाऊ. मुलीच्या बापास चार मुली, जमीन कोरडवाहू, आणि पाहुणे हुंडा न घेता दोन्ही मुली करून घेण्यास तयार. बापाने नारळ स्वीकारून शब्द देऊन टाकला.

लग्नाच्या तीन दिवस आधी मुलगी घरातून नाहीशी झाली. ती आमच्या शाळेतील बाईंच्या खोलीवर गेली होती. ह्या बाई परगावच्या, एकट्या राहत. संध्याकाळची एस. टी. निघून गेली होती. सकाळी सहाच्या गाडीने मुलीस तिच्या मामाकडे पोचवावे, असे बाईंनी ठरविले. मामाचा ह्या लग्नास विरोध होता. बाईंनी ही गोष्ट विश्वासाने आमच्या कानावर घातली, कारण सकाळच्या पाळीस त्यांचा वर्ग आम्ही सांभाळावा अशी त्यांची विनंती होती.

रात्री नऊच्या सुमारास मुलीचा बाप, चुलता आणि गावातील दोन वडीलधारे आमच्या दारी आले. बापाच्या डोळ्यांत पाणी होते. एक वृद्ध म्हणाले, "गुरुजी, साऱ्या गावाला विचारून झालं. तुम्ही खोटं बोलणार नाही, म्हणून शेवटी तुमच्याकडं आलो. पोरगी कुठं आहे ठाऊक असेल तर सांगा."

श्रोतेहो, आम्ही सांगितले.

तीन दिवसांनी लग्न झाले. आम्ही त्यास हजर होतो. पानावर बसून जेवलोही. मुलगी पुन्हा शाळेत आली नाही. सोळाव्या वर्षी तिचे पहिले बाळंतपण झाले आणि ते मूल वाचले नाही. बाईंनी वर्ष संपताच बदली मागून घेतली, आणि जाईपर्यंत आमच्याशी कामापुरतेही बोलणे टाकले.

आता ह्या एका रात्रीस निरनिराळी मापे लावून पाहू.

पहिले माप सत्याचे. जर्मनीतील थोर तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट ह्याने ह्या मापास शास्त्राचे रूप दिले. १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात त्याने असे प्रतिपादिले, की जो नियम सर्व मनुष्यमात्रास लागू व्हावा असे तुम्हांस निःशंकपणे इच्छिता येईल, त्याच नियमाने वागा. खोटे बोलणे हा सर्वांचा नियम झाला तर कोणाच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि मग खोटे बोलण्याचाही उपयोग उरणार नाही. हा विचार किती भक्कम आहे, हे आपल्या ध्यानी येईलच. पण फ्रान्सचा लेखक बेंजामिन कॉन्स्टंट ह्याने ह्या मतावर आक्षेप घेतला, तेव्हा १७९७ साली कांटने एका निबंधात त्यास उत्तर दिले. तुमचा मित्र तुमच्या घरात लपला आहे, त्याच्या जिवावर उठलेला मनुष्य दारी येऊन 'तो आत आहे काय?' म्हणून विचारीत आहे. अशा वेळीही खोटे बोलू नये, असे कांटचे म्हणणे. त्याचा युक्तिवाद असा, की तुम्ही 'नाही' म्हणालात, आणि तेवढ्यात मित्र मागील दाराने बाहेर पडून नेमका मारेकऱ्याच्या हाती सापडला, तर त्याचा दोष तुमच्या खोट्याकडे येईल. खरे बोललात, तर पुढे जे घडेल त्याची जबाबदारी तुमच्यावर नाही.

१९८९ साली आम्ही कांटचे नावही ऐकले नव्हते. तरी त्या रात्री आम्ही कांटचे आज्ञाधारक शिष्य ठरलो!

गंमत अशी, की हाच प्रश्न आपल्या महाभारताने फार पूर्वीच विचारलेला आहे आणि त्याचे उत्तर अगदी उलट दिलेले आहे. कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनास कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगतात. नद्यांच्या संगमावर राहणाऱ्या ह्या तपस्व्याने सदैव सत्य बोलण्याचे व्रत घेतले होते. दरोडेखोरांच्या भयाने काही लोक पळत येऊन जवळच्या रानात शिरले. मागोमाग दरोडेखोर आले, आणि कौशिकास सत्याची शपथ घालून त्यांनी वाट विचारली. त्याने खरी वाट दाखविली. त्या लोकांची हत्या झाली, आणि कौशिकास स्वर्ग न मिळता नरक मिळाला. हा तपस्वी फारसा शिकलेला नव्हता, असेही महाभारतकार नमूद करतात. ते वाचताना आम्हांस आमच्या मॅट्रिकच्या दाखल्याची आठवण झाली, हे कबूल करतो. अशा प्रसंगी शक्य तर मौन धरावे, आणि मौनानेही संशय येत असेल तर असत्य बोलणे बरे, असा त्या उपदेशाचा आशय आहे.

मग काय, संकटकाळी खोटे बोलावे, हाच नियम करून टाकावा? महाभारत तेही करू देत नाही. द्रोणाचार्यांच्या वधासाठी धर्मराजाने अर्धसत्य उच्चारले. पांडवांचा जय त्यावर अवलंबून होता. तरीही त्या क्षणापर्यंत भूमीच्या चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ जमिनीस टेकला, आणि शेवटी त्या कपटापायी त्यास काही काळ नरकदर्शन घडले. एकच ग्रंथ सत्यासाठी कौशिकास दंड करतो आणि असत्यासाठी युधिष्ठिरासही दंड करतो. ज्यास एकच काठी हवी आहे, त्याने अशा ग्रंथापुढे हात टेकावे, हेच बरे.

दुसरे माप दिल्या शब्दाचे. मुलीचा बाप वाईट मनुष्य नव्हता. आम्ही त्यास कधी कोणाचे देणे बुडविताना पाहिले नाही. 'शब्द दिला आहे, आता माघार घेतली तर तोंड दाखवायला जागा नाही', असे तो कळवळून म्हणत होता. पण ज्या कर्णपर्वात कौशिकाची कथा आहे, तेथे ती कोणत्या प्रसंगी सांगितली गेली, ह्याचे स्मरण करा. माझे गांडीव दुसऱ्यास दे, असे जो म्हणेल त्याचा मी वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती. युधिष्ठिराने रागाच्या भरात तेच म्हटले, आणि अर्जुन शब्द पाळण्यासाठी वडील भावावर तलवार उपसून धावला! शब्द पाळावा हे खरेच. पण ज्याच्या गळ्यावर तो शब्द पाळला जावयाचा, त्याचा गळा हा काही शब्द देणाऱ्याच्या मालकीचा नसतो. बापाने शब्द दिला होता तो आपल्या जन्माचा नव्हे, मुलीच्या जन्माचा.

तिसरे माप सुखाच्या हिशेबाचे. इंग्लंडातील जेरेमी बेंथॅम ह्याने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, आणि पुढे जॉन स्टुअर्ट मिल ह्याने १८६१ साली लिहिलेल्या निबंधांत, ह्या मापाचा पुरस्कार केला. ज्या कृत्याने अधिकात अधिक सुख आणि कमीत कमी दुःख उत्पन्न होईल ते चांगले, असा त्याचा सारांश. ह्या मापाने जगाचे फार कल्याण केले आहे, हे विसरता कामा नये. तुरुंगांची सुधारणा, कायद्यांची सुधारणा, गोरगरिबांची कणव ह्या गोष्टी त्या विचारातून पुढे आल्या. मिल तर स्त्रियांच्या समान हक्कांसाठी आपल्या देशाच्या पार्लमेंटात उभा राहिला.

पण त्या रात्री आमच्या दारी आलेल्या वृद्धांनीही हिशेबच मांडला होता. ते म्हणाले, "एक पोर चार दिवस रडेल. पण हे लग्न मोडलं तर थोरलीचंही मोडेल, दोन घरांचं वैर होईल, बाप कर्जात बुडेल." एकीचे दुःख एका पारड्यात आणि चाळीस माणसांचे समाधान दुसऱ्या पारड्यात! बेंथॅमचा अनुयायी येथे म्हणेल, की ह्या वृद्धांचा हिशेबच चुकला. 'चार दिवस' म्हणून जे लिहिले ते तिचे सारे आयुष्य होते, आणि न वाचलेल्या बाळाचे दुःख तर त्यांनी धरलेच नव्हते. हे म्हणणे आम्हांस मान्य आहे. पण आमची शंका पुढची आहे. हिशेब बरोबर करूनही बाकी वृद्धांच्या बाजूने निघाली असती, चाळीसांचे सुख तिच्या दुःखाहून खरोखरच अधिक भरले असते, तर चौदा वर्षांच्या मुलीस तिच्या इच्छेविरुद्ध बोहल्यावर उभे करणे चांगले ठरले असते काय? आमच्यातील गणिताचा शिक्षक घटकाभर घुटमळेल. पण मनुष्य 'नाही' असेच म्हणेल. ज्या अर्थी बेरीज न पाहताही आपण 'नाही' म्हणतो, त्या अर्थी चांगुलपणा बेरजेखेरीज आणखीही कशात तरी आहे.

चौथे माप रूढीचे. ह्याविषयी आपल्यासारख्या ज्ञातिमंडळात बोलताना संकोच वाटतो, पण बोलले पाहिजे. अण्णासाहेब कर्वे ह्यांनी १८९३ साली एका विधवेशी पुनर्विवाह केला. तेव्हा कोकणातील मुरूड ह्या त्यांच्या गावी त्यांच्यावर बहिष्कार पडला. बहिष्कार घालणारे लोक चोर-दरोडेखोर नव्हते. ते स्नानसंध्या करणारे, पापभीरू गृहस्थ होते, आणि आपण धर्माचे रक्षण करीत आहोत अशी त्यांची खात्री होती. त्याच कर्व्यांनी १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ स्थापिले, आणि १९५८ साली, त्यांच्या वयास शंभर वर्षे होत असता, राष्ट्राने त्यांस भारतरत्न ही पदवी दिली. बहिष्कार घालणाऱ्यांची नावे आज कोणास ठाऊक आहेत? वाळीत टाकण्याची ही चाल इतकी चिवट, की तिच्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. कायदा कोणत्याही एका ज्ञातीसाठी नाही. आपल्याही ज्ञातीच्या जुन्या कागदांत 'पानास न घेणे' हे शब्द आढळत नाहीत, असे छातीवर हात ठेवून किती जण म्हणतील?

पाचवे माप हेतूचे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला 'गीतारहस्य' हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील 'कर्मजिज्ञासा' ह्या प्रकरणात असेच पेचप्रसंग एकामागून एक मांडले आहेत, आणि पुढील प्रकरणांत मिल व कांट ह्यांच्या मतांची मराठीत जी छाननी केली आहे, ती प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने वाचण्याजोगी आहे. केवळ बाह्य परिणामांवरून नीती ठरत नाही, कर्त्याची बुद्धी सर्वांच्या ठायी सम आणि शुद्ध आहे की नाही हे पाहिले पाहिजे, असा लोकमान्यांचा निष्कर्ष. हे माप आम्ही स्वतःस लावून पाहिले, तेव्हा फार अस्वस्थ झालो. कारण खरे सांगावयाचे तर त्या रात्री आमच्या मनात सत्यापेक्षा 'सत्यवादी' म्हणवून घेण्याचा अभिमान अधिक होता. 'तुम्ही खोटं बोलणार नाही', ह्या शब्दांनी आम्ही फुशारलो होतो. तेव्हा ह्या मापाने आम्ही सरळ सरळ दोषी ठरतो. पण त्या बापाचे काय? त्याच्या बुद्धीत मुलीविषयी द्वेषाचा लेशही नव्हता, आणि तरी अनिष्ट टळले नाही. म्हणजे हेतू तपासणे अगत्याचे खरे, परंतु हेतू शुद्ध असला म्हणजे काम संपले, असे होत नाही.

येथे कोणी म्हणेल, 'गुरुजी, तुम्ही पाचही मापे मोडीत काढलीत. मग बरे आणि वाईट असे काही नाहीच. ज्याला जे रुचेल ते त्याचे बरे, असेच म्हणा ना!' हा निष्कर्ष आम्हांस मुळीच मान्य नाही, आणि तरुण मंडळींनी येथे विशेष लक्ष द्यावे अशी विनंती आहे.

वैद्य रोग्याची नाडी पाहतो, ताप मोजतो, जीभ पाहतो, हल्ली रक्तही तपासून घेतो. ह्यांपैकी कोणतेही एक चिन्ह म्हणजे आरोग्य नव्हे. ताप नसूनही मनुष्य अत्यवस्थ असू शकतो. पण म्हणून आरोग्य आणि रोग हे केवळ आवडीनिवडीचे खेळ आहेत, असे कोणी शहाणा म्हणत नाही. उलट, चिन्हे अनेक असल्यामुळेच एका चिन्हाची चूक दुसरे चिन्ह उघडी पाडते. नीतीचेही तसेच आहे. सत्य, दिलेला शब्द, परिणाम, रीत आणि हेतू ही सर्व साक्षीदार मंडळी आहेत. एकाच साक्षीदाराच्या जबानीवर जो न्यायाधीश फाशी सुनावतो, त्यास आपण न्यायी म्हणत नाही. पण म्हणून गुन्हा घडलाच नाही, असेही म्हणत नाही.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वळणावर ग्रीस देशात होऊन गेलेल्या ॲरिस्टॉटलने ह्या बाबतीत एक सुंदर दृष्टांत दिला आहे. लेस्बॉस बेटावरील गवंडी शिशाची पट्टी वापरीत. ती ताठ नसे. ज्या दगडावर ठेवावी त्याच्या आकाराप्रमाणे ती वाकत असे. कायदा सर्वसाधारण नियम सांगतो, पण प्रसंग दगडासारखे ओबडधोबड असतात, तेव्हा न्यायबुद्धीची पट्टी अशी वाकणारी हवी, असा त्याचा भाव. ध्यानात घ्या, पट्टी वाकते ती दगडासाठी, गवंड्याच्या सोयीसाठी नव्हे. आपल्या फायद्यासाठी जो नियम वाकवितो तो लबाड. समोरच्या मनुष्यास न्याय मिळावा म्हणून जो वाकवितो तो शहाणा.

अलीकडच्या काळात ऑक्सफर्डचे पंडित रॉस ह्यांनी १९३० साली आपल्या ग्रंथात हाच विचार नीट मांडून दाखविला. वचन पाळणे, केलेल्या अपायाची भरपाई करणे, उपकार स्मरणे, न्याय राखणे, दुसऱ्याचे भले करणे, स्वतःची उन्नती करणे आणि कोणास इजा न करणे, अशी कर्तव्ये त्यांनी गणली. ही सारीच खरी कर्तव्ये आहेत. एक दुसऱ्यात विरघळून जात नाही. सामान्य प्रसंगी ती एकमेकांस आड येत नाहीत. जेव्हा येतात, तेव्हा कोणते जड हे ठरविण्याचे ठराविक सूत्र नाही. त्या प्रसंगाकडे डोळे उघडून पाहावे लागते. आम्हांस हे मत सर्वांत पटते. आमचे खरे बोलण्याचे कर्तव्य खोटे नव्हते. पण एका पोरक्या क्षणी आश्रयास आलेल्या मुलीस इजा होऊ न देण्याचे, आणि बाईंनी टाकलेला विश्वास राखण्याचे कर्तव्य त्याहून जड होते. आणि कायदाही त्याच बाजूस होता. मुलीच्या लग्नाचे किमान वय १९७८ सालच्या दुरुस्तीनेच अठरा झालेले होते. आम्ही निदान गप्प बसू शकलो असतो. 'सकाळी पाहू', एवढे म्हणून दार लावून घेता आले असते.

आता गोष्टीचा शेवट सांगतो. २०१० साली आम्ही मंडळाच्या शिक्षण समितीवर होतो. शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन एक बाई आमच्याकडे आली. तिची मुलगी दहावी उत्तम रीतीने उत्तीर्ण झाली होती. आम्ही त्या बाईस प्रथम ओळखले नाही. अर्जावरील माहेरचे गाव वाचले आणि हात थांबला. एकवीस वर्षे मनात असलेले आम्ही बोललो. त्या रात्री आमचे चुकले, असे तिला सांगितले. ती काही वेळ उगी राहिली आणि मग म्हणाली, "गुरुजी, तुम्ही खरं बोललात ह्याचा राग मला कधी आला नाही. तुमची ती शिकवणच होती. पण त्या चौघांना उत्तर दिलंत, तेव्हा मी तुमच्या डोळ्यांपुढं नव्हते. एवढंच वाईट वाटलं."

श्रोतेहो, कांट, बेंथॅम आणि ॲरिस्टॉटल ह्यांच्याविषयी आम्ही निवृत्तीनंतर वाचनालयात बसून जे काही वाचले, त्या साऱ्याचा अर्थ आम्हांस ह्या बाईच्या एका वाक्याने लागला. आम्ही नियमाकडे पाहिले, बापाने शब्दाकडे पाहिले, वृद्धांनी हिशेबाकडे पाहिले. त्या मुलीकडे कोणीच पाहिले नाही. पाहिले ते एका परगावच्या बाईंनी, आणि त्यांच्याजवळ कोणताही सिद्धांत नव्हता. नवल असे, की कोणत्याही मनुष्यास केवळ साधन म्हणून वापरू नये, हेही त्याच कांटने सांगून ठेविले आहे. म्हणजे त्याच्याच एका सूत्राने आम्हांस चुकविले आणि त्याच्याच दुसऱ्या सूत्राने आमची चूक दाखविली!

म्हणून तरुणांनी मागितलेले एक वाक्य आमच्यापाशी नाही. मात्र घरात किंवा मंडळात कोणताही निर्णय घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावे, एवढे सुचवितो. ह्यात कोणते सत्य आणि कोणता शब्द गुंतलेला आहे? परिणाम कोणास भोगावा लागणार आहे? त्याच्या जागी आपले मूल असते तर हाच निर्णय आपण दिला असता काय? आणि चौथा, जो सर्वांत सोपा असून सर्वांत अधिक वेळा राहून जातो: ज्याच्यावर निर्णय बसणार, त्यास आपण विचारले आहे काय? चारही उत्तरे एका दिशेची आली तर निःशंकपणे पुढे जावे. ती एकमेकांविरुद्ध आली तर घाई करू नये, रात्र जाऊ द्यावी. सकाळची गाडी सहाला असते, हे आम्ही पुरते शिकलो आहोत.

ही हकीकत सांगण्यापूर्वी आम्ही त्या बाईस विचारले होते. नाव-गाव न सांगता सांगा, असे ती म्हणाली. तिच्या मुलीस त्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली, ती तिच्या गुणांवर. त्यात आमची भरपाई धरू नये. ती भरपाई अजून देणेच आहे, आणि आजचे हे भाषण तिचा एक लहानसा हप्ता समजावा.